सहाव्या माणसाचं पीठ

सोगपेरे, नांदोमजवळ
१६ जून १९९१

तिल्डा पोरी,

तुझ्या आत्याचं नशीब उघडलं बाई! तुमच्या संस्थेने म्हणे चिठ्ठ्या टाकल्या, आणि आख्ख्या सोगपेऱ्यातून ज्या बारा घरांची नावं निघाली त्यात आमचं एक. मला वाटलं शिवणाचं मशीन तरी देतील. दिलं काय, तर सिप्रियन गुरुजी. तेच, तुला तिसरीला शिकवायचे ते. पेन्शनीत निघाले आणि आता तुमच्या संस्थेचं काम करतात. आठवड्यातून दोनदा सकाळी मोटारसायकलवरून येतात, काटा अडकवतात आणि साबची घट्ट लापशी घोटायचं आमचं बाजरीचं पीठ चुलीवर जायच्या आधी वजन करतात. चेहरा असा की जणू चर्चात पूजाच चालवतायत. रोझिना हसू दाबायला पदर तोंडात कोंबते. सून आहे माझी, तिला अजून गुरुजींची सवय नाही.

बाकीच्या दिवशी मोजमाप मीच लिहून ठेवायचं. सिस्टरांनी मला सातवीपर्यंत शिकवलं ते ह्याच्यासाठी होतं तर! पण मला हे सांग, आम्ही किती साब खातो ह्यावरून देशाची भरभराट कशी कळायची? आणि ती बचतीची खिडकी तुमचीच का गं? गावात उघडली आहे बुधवारी. एक मुलगा बसतो आणि पैसे घेताना मोठ्याने नाव वाचतो. बायका आपल्या लांबून बघतात आणि भेंडी विकून घरी येतात.

पाऊस झालाय, पेरणी चालू आहे. तू जेवतेस ना नीट?

तुझी आत्या
युलालिया


आक्रा
७ जुलै १९९१

प्रिय आत्या,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि एकटीच हसत बसले. गुरुजींना माझा नमस्कार सांग. त्यांनी एकदा मला पाढा चुकला म्हणून चिंचेच्या झाडाखाली उभं केलं होतं, त्याचीही आठवण करून दे.

भरभराट कशी कळते ते सांगते. साठ गावं निवडली आहेत. तीस गावांत बचतीची खिडकी, तीस गावांत नाही. दोन वर्षांनी बघायचं, की खिडकी असलेल्या गावांतली घरं वर आली का. पैसे किती ते कुणी खरं सांगत नाही, म्हणून आम्ही खाणं मोजतो. घर सुधारलं की आधी ताटात दिसतं.

नियम दोनच. एका भांड्यात जे जेवतात ते एक घर, मग ते कुठेही झोपोत. आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त जो बाहेर आहे तो घरातला नाही, पाहुणा. मयत, लग्न, सण असला की त्या दिवशी वजन करायचं नाही, वहीत नुसतं लिहायचं, ‘घरात कार्य’.

हे तुझं घर आहे असं मी साहेबांना सांगून ठेवलंय. ते म्हणाले, तुझ्या आत्याचं पीठ आमच्यासाठी सगळ्यांसारखंच पीठ.

तुझी
तिल्डा

ता. क. त्या नियमाने मी तुमच्या घरची नाही. नऊ वर्षं झाली तुझ्या हातचं खाऊन. वाईट वाटलं लिहिताना.


आक्रा
२४ नोव्हेंबर १९९१

प्रिय आत्या,

आज कामाचंच पत्र आहे, रागावू नकोस. तुमच्या घराचे पाच महिन्यांचे कागद माझ्यासमोर आहेत. माणसं पाच: तू, फिदेलिस, रोझिना आणि दोन पोरं. पीठ मात्र सहा माणसांचं लागतंय.

एखाद्या आठवड्यात असतं तर मी बोललेच नसते. पण हे रोजचं आहे, आणि रोज एकसारखं. ऑगस्टमध्ये सगळं गाव पोटाला चिमटा काढतं तेव्हाही तुमचं सहाव्या माणसाचं पीठ जसंच्या तसं. तू आणि रोझिना आपलं कमी करत असणार, त्याचं नाही करत.

साहेब म्हणतात, एकतर गुरुजींचा काटा बिघडलाय नाहीतर यादी चुकलीय. उलगडा झाला नाही तर तुमचं घर अभ्यासातून वगळावं लागेल, आणि गुरुजींच्या नावावर चुकीची खूण लागेल. म्हातारपणी त्यांची नोकरी जाऊ नये. काय आहे ते सांगशील?

तिल्डा


सोगपेरे
१५ डिसेंबर १९९१

तिल्डे,

इतकी शिकलीस आणि कोंबड्या विसरलीस? माझ्याकडे अकरा गिनी कोंबड्या आहेत, त्यांना पीठ लागतं. शिवाय येणारं-जाणारं माणूस असतं. शिवाय ह्या वर्षी कार्यंही फार झाली, रोझिनाचा चुलता गेला, मग पलीकडच्या वस्तीत ते लग्न.

गुरुजींचा काटा चांगला आहे, त्यांच्या नावावर काही लावू नका. ते बिचारे मोटारसायकल पुसून मग आत येतात.

नाताळ जवळ आला. तुझ्यासाठी शेंगदाणे भाजून फादरांच्या गाडीबरोबर पाठवते आहे. डब्यात तळाशी शेवग्याचा वाळवलेला पाला आहे, तो आमटीत टाक. तू काळजी घे. आम्ही सगळे बरे आहोत.

आत्या


आक्रा
१२ जानेवारी १९९२

प्रिय आत्या,

शेंगदाणे पोचले. निम्मे ऑफिसने खाल्ले, निम्मे मी लपवले.

पण आत्या, कोंबड्या नव्हेत. कोंबड्या एकसारखं खात नाहीत, आणि कार्याच्या दिवशी वजन होतच नाही हे मीच तुला लिहिलं होतं. तुझ्याकडे रोज संध्याकाळी कुणीतरी जेवतंय. गुरुजी सकाळी येतात म्हणून त्यांना दिसत नाही. एखादी निराधार बाई असेल, दिरांना कळू नये म्हणून तू नाव लपवत असशील, तर मला सांग. तुझं घर म्हणून नाव कुठेच छापत नाहीत, नुसता आकडा असतो.

दुसरी बातमी चांगली आहे. एप्रिलमध्ये मला नैरोबीला निबंध वाचायला बोलावलंय. विषय उत्तरेतली गुरं. आपल्याकडे संपत्ती दावणीला उभी असते आणि घरातलं माणूस मरत असलं तरी ती विकली जात नाही. तो पैसा निजलेला असतो. तो जागा झाला तर गावं वर येतील, असं माझं म्हणणं आहे. पाचव्या पानावर एका घराचं उदाहरण दिलंय, नाव न घेता. तुला ते घर माहीत आहे.

तिल्डा


सोगपेरे
२ फेब्रुवारी १९९२

तिल्डा पोरी,

सांगते. रागावलीस तरी सांगते, कारण गुरुजी परवा काट्याला दगड लावून तपासत होते, स्वतःचं चुकलं म्हणून. म्हातारा रडवेला झाला होता. माझ्याने बघवलं नाही.

सहावा माणूस तुझे बाबा आहेत.

दादाला दोन वर्षं झाली दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत पडदा आलाय दुधासारखा. आपल्या घरी त्याने एकदा साब शिजवायला घेतला तो हात भाजला, तेव्हापासून माझ्याकडेच जेवतो. ओढ्याच्या पलीकडून अलीकडे काठी टेकत येतो, रोज उन्हं उतरली की. रस्त्यातली सगळी झाडं त्याला हाताने ओळखू येतात. जेवतो आणि परत आपल्या घरी झोपायला जातो. राहा म्हटलं तर म्हणतो, गुरं एकटी आहेत.

तुझी पत्रं आली की मला दोनदा वाचायला लावतो. एकदा भरभर आणि एकदा हळू. पण त्याने बजावलंय, मी इथे असतो हे लिहू नकोस, ती पत्र लिहायची थांबेल.

आता तू यादीत काय लिहायचं ते लिही.

आत्या


आक्रा
२३ फेब्रुवारी १९९२

आत्या,

यादी दुरुस्त केली. माणसं सहा. सहावा: बायुओ, पुरुष, घरमालकिणीचा भाऊ. गुरुजींचा काटा बरोबर होता असं मी लेखी दिलंय.

त्यांच्या डोळ्यांचं ऐकून वाईट वाटलं. कुणाचंही ऐकून वाटलं असतं. ह्यापुढे माझी पत्रं त्यांना वाचून दाखवू नकोस एवढंच.

मी विसरले नाही आत्या. मी सोळा वर्षांची होते. आईचं पोट फुगलं होतं, दवाखान्यापर्यंत गाडी आणि ऑपरेशन, एका गाईत भागलं असतं. तीन गाई दारात उभ्या होत्या. मी बाबांच्या पाया पडले, म्हटलं, एक विका. ते म्हणाले, “त्या विकता येत नाहीत.” दुसरं कारण नाही, काही नाही. आई गेली. मग मयताच्या दिवशी मी सगळ्यांसमोर ओरडले, बायको मातीत आणि गाई सावलीत, तेव्हाही ते मान खाली घालून बसून राहिले. मी अर्थशास्त्र का शिकले हे मला सगळे विचारतात. हे असं का होतं ते समजावं म्हणून शिकले, दुसरं काही नाही.

तू त्यांना जेवू घालतेस ती तुझी माया. मला जमणार नाही.

तिल्डा


सोगपेरे
१५ मार्च १९९२

तिल्डा,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा चुलीत घातलं. आज फादरांची गाडी दारात थांबवून ठेवलीय, म्हणजे फाडता येणार नाही.

त्या गाई दादाच्या नव्हत्या. त्या माझ्या होत्या.

मी ‘पितो’ गाळून विकायचे, ज्वारीची दारू, तुला आठवत असेल माझा मडक्यांचा ढीग. पंधरा वर्षांत त्यातून तीन गाई केल्या. त्या माझ्या नवऱ्याच्या दावणीला बांधल्या असत्या तर त्या नवऱ्याच्या झाल्या असत्या, आणि तो गेल्यावर दिरांच्या. म्हणून भावाच्या दारात बांधल्या. इथल्या कितीतरी बायका असंच करतात, पण कुणी कुणाला विचारत नाही. भाऊ लोकांना सांगतो माझ्या म्हणून, आणि तो शब्द मोडायचा नसतो, बायकोपाशी नाही आणि मुलीपाशीही नाही. तुझ्या गुरुजींची वही आख्ख्या गावाची गुरं मोजत आली आणि दादाच्या दारातली गुरं दादाच्या नावावर लिहून गेली. गावातल्या अर्ध्या दावणींचं तसंच लिहून गेली असेल. दादाची स्वतःची एकच गाय होती. तुझ्या आईच्या औषधासाठी ती आधीच विकून झाली होती. ती गेलेली कुणाच्या लक्षात आली नाही, माझ्या तीन दिसत होत्या ना.

तुझ्या आईचं दुखणं वाढलं त्या दुपारी दादा माझ्याकडे आला. उंबऱ्याजवळ बसला. पाणी प्यायला. पावसाचं बोलला, बाजरीचं बोलला. एकदाही म्हणाला नाही, युलालिया, एक गाय दे. मला ठाऊक होतं तो कशाला आलाय. देवाशपथ ठाऊक होतं. पण त्या गाई मी फिदेलिसच्या लग्नासाठी राखल्या होत्या, मुलीकडच्यांना द्यायला, आणि मनात म्हटलं, बाजार तीन दिवसांवर आहे, तेवढ्यात तिला बरं वाटेल, मागच्या वेळीही वाटलं होतं. तो गेला. मी उठून त्याच्या मागे गेले नाही. दुसऱ्या दिवशी तुझी आई गेली.

आणि मयताच्या दिवशी तू ओरडलीस तेव्हा मी तिथेच होते, हातात पितोने भरलेला भोपळ्याचा वाडगा घेऊन. दीर समोर बसले होते. मी तोंड उघडलं असतं तर गाई गेल्या असत्या. मी नाही उघडलं. दादाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, लोकांना कळू नये म्हणून.

मग माझ्याने राहवेना. तू शहरात गेलीस तेव्हा त्याला म्हटलं, मी तिला सांगते. तो म्हणाला, “आई गेली तिची. बाप तिने टाकला. आता आत्या पण काढून घेऊ नकोस तिची. इकडचं एक तरी माणूस राहू दे तिला पत्र लिहायला.”

म्हणून मी तुला पत्रं लिहीत राहिले, पोरी. तुझ्या बापाने स्वतः बाजूला होऊन दिलेल्या जागेवर बसून लिहिली सगळी. तू नैरोबीला जाऊन त्याच्याबद्दल वाचणार आहेस ते मला ऐकवलं नाही. वाचायचंच असेल तर माझं नाव घेऊन वाच.

युलालिया


सोगपेरे
१९ एप्रिल १९९२

तिल्डा,

पत्र आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. दादा रोज विचारतो, गाडी आली का. मी म्हणते रस्ता खराब आहे. त्याला मी सांगितलं नाही की तुला सगळं लिहिलं.

एक कळवायचं होतं. मेच्या शेवटी मिशनच्या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर येणार आहेत. पडदा काढतात, दुसऱ्या दिवशी दिसतं म्हणे. तीन गाईंतल्या दोन फिदेलिसच्या लग्नात गेल्या, उरली ती कपाळावर पांढरा ठिपका असलेली. गेल्या बाजारी ती मी विकली.

दादाच्या नावावर नाही विकली. मी स्वतः दोरी धरून भर बाजारातून नेली. धाकटा दीर पितो पीत बसला होता, तो उठून आला, “कुणाची गं ही?” म्हटलं, “माझी.” म्हणाला, “तुझी कुठून आली?” म्हटलं, “तू पितोस त्याच्यातून.” सगळा बाजार हसला. त्याने दोन दिवस घरी येऊन आरडाओरडा केला, मोठ्या दिरालाही आणलं, फिदेलिस तर तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिला, त्यालाही माहीत नव्हतं. पण गाय विकून झाली होती. पैसे मी खिडकीत ठेवलेत. त्या मुलाने नाव वाचलं, “युलालिया!” मी म्हटलं, आणखी मोठ्याने वाच.

दादाला सांगितलं तेव्हा त्याने काठी चाचपून बाजूला ठेवली. मग म्हणाला, मी तर मागितली नव्हती. मी म्हटलं, म्हणूनच विकली.

२७ तारखेला ऑपरेशन आहे. एवढंच कळवायचं होतं.

आत्या


आक्रा
१० मे १९९२

माझी आत्या,

तुझं मार्चचं पत्र आलं त्या दिवशी मी ऑफिसातून उठून समुद्रावर जाऊन बसले. तुझा इतका राग आला की ते पत्र पुन्हा हातात धरवेना. तीन आठवडे तसाच होता. खोटं कशाला सांगू, थोडा अजून आहे. आईचा चेहरा आठवला की येतो. पण राग आला की मी तुला पत्र लिहायला बसते, दहा वर्षांची सवय आहे, आणि मग कळतं की तुझ्यावर रागावून मला दुसऱ्या कुणाकडे जाताच येत नाही. बाबांना हे आधीच कळलं होतं. मला दोन पदव्या घेऊन कळलं नाही.

मी पाया पडून मागितलं आणि त्यांनी दिलं नाही, एवढंच मी मोजत आले. त्यांच्याकडे द्यायला काय होतं ते कधी विचारलं नाही.

नैरोबीला गेले. पाचवं पान वाचलं नाही. नंतर साहेबांनी विचारलं, ते उदाहरण का गाळलंस, सगळ्यात जोरदार होतं. म्हटलं, त्या दारातली गुरं कुणाची होती हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी वहीचा नमुना पुढे ओढला. आता आम्ही साठही गावांच्या वह्यांत एक प्रश्न वाढवतो आहोत, गुरं खरी कुणाची, आणि तो बायकांना एकेकीला, एकांतात विचारायचा आहे. कुणी उत्तर देणार नाही, मला माहीत आहे. तरी विचारणार. आणि खिडकीतल्या मुलांना कळवलंय, नाव वाचायचं नाही, बाईने सांगितल्याशिवाय. तुझ्यापुढे मात्र त्याला घसा साफ ठेवायला सांगितलाय.

मी येते आहे. २४ तारखेच्या बसने निघते, २६ ला संध्याकाळी पोचेन, उन्हं उतरायच्या सुमारास. कुणी बसवर येऊ नका. मी ओढ्याकडून येईन आणि बाबांना तिथेच रस्त्यात गाठेन, त्यांच्या एखाद्या झाडापाशी. त्यांना आधी सांगू नकोस. नको, सांग. नाही सांगितलंस तर ते माझा आवाज ओळखतील की नाही ह्याची मला भीती वाटते. पट्टी काढतील तेव्हा मी समोर बसलेली असेन, हेही सांग. म्हणावं, जाड झालीय, केस कापलेत, घाबरू नका.

एका भांड्यात सात माणसांचा साब टाक. नियमाने मी पाहुणी लागते, पण त्या दिवशी गुरुजींना काटा लावू देऊ नकोस. त्यांना संध्याकाळी जेवायला बसव, त्यांचं पीठ वरून घाल. वहीत त्या तारखेपुढे काय लिहायचं असं विचारलं तर म्हणावं, तिल्डाने सांगितलंय, लिहा: घरात कार्य.

तुझी
तिल्डा